पृथ्वीचं हवामान नक्की कोण ठरवतं, वातावरण की महासागर?

तुम्ही विचारलंय की हरितगृह परिणाम शिकवताना सगळं श्रेय वातावरणाला दिलं जातं, मग हवामानात समुद्राचं काम काय? मी बरीच वर्षं भूगोल शिकवतो. या दोघांचे वेगवेगळे धडे करणं हीच मुळात चूक आहे, असं माझं ठाम मत झालंय.

आधी वातावरणाचं श्रेय वातावरणाला देऊ. चंद्र सूर्यापासून जवळपास आपल्याइतकाच लांब आहे, पण त्याला वातावरण जवळजवळ नाहीच. तिथे विषुववृत्तावर भर दुपारी तापमान १२० अंश सेल्सिअसपर्यंत चढतं आणि रात्री उणे १३० च्याही खाली जातं. पृथ्वीची सरासरी मात्र १५ अंशांच्या आसपास राहते, कारण बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू पृष्ठभागाकडून परत निघालेली उष्णता अडवतात. हाच हरितगृह परिणाम. ते नसते तर ही सरासरी उणे १८ अंशांवर आली असती.

पण अडवलेली उष्णता राहते कुठे? एक प्रयोग करून बघा. फुगवलेला फुगा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरला की लगेच फुटतो. दुसऱ्या फुग्यात थोडं पाणी भरून मग तो फुगवा आणि ज्योत बरोबर पाण्याखाली येईल असा धरा. तो फुटत नाही, तळाला फक्त काळी काजळी धरते. रबराला मिळालेली उष्णता पाणी ओढून घेतं आणि स्वतः जेमतेम कोमट होतं. समुद्र पृथ्वीसाठी हेच करतो. अख्ख्या वातावरणात जेवढी उष्णता मावते, तेवढी समुद्राच्या वरच्या तीनेक मीटर पाण्यातच मावते, आणि समुद्राची सरासरी खोली साडेतीन हजार मीटरहून जास्त आहे! गेल्या पन्नासेक वर्षांत माणसामुळे साठलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात गेली. उरलेल्यात जमीन आणि बर्फ वाटेकरी, हवेच्या वाट्याला सुमारे एक टक्का.

ही उष्णता समुद्रातच पडून राहत नाही. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात जवळपास सहा किलो बर्फगार पाणी उकळीला येईल. बाष्प ती घेऊन वर जातं, वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर लांब पोचतं आणि ढग बनताना तिथल्या हवेत सोडून देतं. चक्रीवादळाची ताकद इथूनच येते.

आता दोघांपैकी कोण वरचढ, हे बघायला प्रशांत महासागराइतकी चांगली जागा नाही. तिथे विषुववृत्ताजवळ वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि पृष्ठभागावरचं गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला रेटतात. तिकडे समुद्राची पातळी सुमारे अर्धा मीटर उंच असते. पेरूच्या किनाऱ्याशी मात्र पाणी सरकल्यावर त्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. गरम पाण्यावरची हवा वर चढते, थंड पाण्यावरची खाली बसते, आणि या फरकामुळे तोच वारा आणखी जोर धरतो. म्हणजे वाऱ्यामुळे पाण्यात फरक आणि त्या फरकामुळे वारा. एखाद्या वर्षी वारा मंदावला की गरम पाणी पूर्वेकडे परत सरकतं, तापमानातला फरक घटतो आणि वारा अजूनच ढिला पडतो. हाच एल निनो. पेरूच्या कोरड्या किनाऱ्यावर पूर येतात, इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियात दुष्काळ पडतो, भारतातला मोसमी पाऊसही अनेकदा कमी होतो.

याचा शोध कसा लागला तेही सांगण्यासारखं आहे. गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. १९०४ ते १९२४ या काळात ते भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. मोसमी पावसाचा अंदाज बांधता यावा म्हणून त्यांनी जगभरच्या नोंदी तपासल्या. प्रशांत महासागराच्या पूर्वेकडे हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराकडे कमी होतो आणि तिकडे वाढला की इकडे उतरतो, हे त्यांना दिसलं. कारण मात्र हाती लागलं नाही, कारण अर्धं कारण पाण्यात होतं. १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ याकोब बियर्कनेस यांनी हवेची ही झुलती तऱ्हा आणि एल निनोचं गरम पाणी यांची सांगड घातली. त्यामुळे ‘आधी वारा की आधी पाणी’ याला माझ्या मते उत्तर नाही.

खोल समुद्राचा कारभार याहून संथ आहे. ग्रीनलंडच्या आसपास थंड, खारट आणि म्हणून जड झालेलं पाणी तळाकडे बुडतं. तिथून जगाची फेरी मारून वर यायला त्याला हजारेक वर्षं लागतात. आज तापलेलं पाणी प्रसरण पावतंय, आणि उद्या धूर पूर्ण थांबला तरी समुद्राची पातळी पुढची कित्येक शतकं वाढत राहील.

समुद्राच्या या संथपणाचा आपल्याला उपयोगही होतो. सध्या जगभरच्या समुद्रांत आर्गो नावाची जवळपास चार हजार तरंगती यंत्रं आहेत. दर दहा दिवसांनी ती २,००० मीटर खोलीवरून वर येतात आणि वाटेत मोजलेलं तापमान आणि क्षारता उपग्रहाला कळवतात. पुढच्या महिन्यात एखाद्या ठरावीक दिवशी पाऊस पडेल का, हे कुणीच सांगू शकत नाही. एल निनो येतोय का, हे मात्र या नोंदींवरून काही महिने आधी बऱ्यापैकी सांगता येतं.