कोणतं ॲप ते नंतर, आधी परवानगीवरची वेळ वाचा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. जानेवारीत काटोल रोडच्या बाजूला कॉलेजच्या मैदानावर दोरांना बांधून हॉट एअर बलून उडवला, ॲपवर वारा ताशी ७ किमी दिसत होता, सातला पान हलत नव्हतं, आणि सव्वाआठला असा झोत आला की क्रूची तीन पोरं दोराला लोंबकळली. आयोजक म्हणतात हवामानवाल्यांनी फसवलं. आता फेब्रुवारीत पुन्हा कार्यक्रम आहे, तर नागपूरसाठी सगळ्यात अचूक ॲप कोणतं, असं तुम्ही विचारताय. भाऊ, हे माझ्याच बाबतीत झालेलं आहे. शहर हेच, महिना हाच, वेळसुद्धा वीस-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे.

आधीच सांगते, मी पायलट नाही. नऊ हिवाळे ग्राउंड क्रू सांभाळला, त्यातला बराचसा दोराच्या उड्डाणांचा. तुमच्या बलूनच्या मॅन्युअलमध्ये वाऱ्याची जी मर्यादा आहे तीच खरी. मी खाली जे आकडे देतेय ते माझ्या भित्र्या स्वभावाचे आहेत. टेदर (बलून जमिनीला बांधून ठेवणारे दोर) कसं लावतात, पंखा कुठं ठेवतात हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

तुमचं ॲप बहुतेक बरोबरच होतं. सातला वारा नव्हता, त्यानं नाही सांगितला. अडचण अशी की आपल्याकडे हिवाळ्यातल्या पहाटेची शांतता ही वरून घातलेल्या झाकणासारखी असते. निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं थंड होते, तिला चिकटलेली हवा थंड आणि जड होऊन बसते, वरची हवा मात्र तिच्यापेक्षा उबदार. ह्या इन्व्हर्जनमुळे खालची हवा वरच्या वाऱ्यापासून तुटते. मैदानावर मेणबत्ती जळेल इतकं निवांत, आणि दोन-तीनशे मीटरवर तोच वारा पंधरा-वीस नॉटनं (ताशी २८-३७ किमी) निघालेला, कारण जमिनीचं घर्षण त्याला लागतच नाही. जानेवारीत इथं सूर्य सहा पन्नासच्या आसपास उगवतो. तासा-दीडतासात जमीन तापायला लागते, खालची हवा उठते, वरची खाली येते आणि येताना आपला वेग घेऊन येते. हा वारा बाहेरून कुठून आलेला नसतो, तो रात्रभर डोक्यावरच होता. फक्त झाकण उघडलं.

बलून सुटा असता तर तो वाऱ्यासोबत वाहिला असता, टोपलीतल्या माणसाला झुळूकही लागली नसती. बांधलेला बलून मात्र शिडासारखा उभा राहून मार खातो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे तुमच्या आयोजकांना फळ्यावर लिहून दाखवा.

कोराडीच्या वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्या तुम्हाला दिसत असतील तर ॲपच्या आधी त्या बघा. दोनशे मीटरच्या वर उंच आहेत, म्हणजे नेमक्या जिथली खबर हवी तिथली देतात. पहाटे धूर आडव्या पट्टीसारखा लांबच लांब पसरलेला दिसला, वर नाही खाली नाही, की समजायचं झाकण बसलेलं आहे. ती पट्टी ताणून सरळ झाली असेल तर वर वारा जोरात आहे. मग एक क्षण येतो, पट्टीचा खालचा काठ विस्कटतो, धूर जमिनीकडे लोंबायला लागतो. तो दिसला की माझ्या हिशेबानं तुमच्याकडे पंधरा मिनिटं आहेत, आणि ती टोपली रिकामी करण्यासाठी आहेत, अजून दोन माणसं चढवण्यासाठी नाहीत.

दुसरी खूण फुकटची आणि अस्सल नागपुरी. संक्रांतीच्या दिवसांत सकाळी पोरं गच्चीवर येतात. सातला पतंग उठत नाही, नुसती धावाधाव. ज्या मिनिटाला गच्चीवरून पतंग न पळता ढील घ्यायला लागतो आणि पहिलं “ओ काट!” ऐकू येतं, त्या मिनिटाला आपलं दुकान बंद. (नायलॉन मांजाचा वेगळाच वैताग आहे. उड्डाण झालं की दोर बोटांनी चाचपून गुंडाळा, हातमोजे घालून.)

आता माझी गोष्ट, कारण तुम्हाला उत्तर त्यात आहे. २०१४ चा जानेवारी. एका संस्थेच्या सोहळ्यासाठी तीन दिवस दोराची उड्डाणं होती. आम्ही अर्जात वेळ लिहिली होती पावणेसात ते सव्वाआठ. परवानगी हातात आली तेव्हा तिच्यावर शिक्का: सकाळी ८ ते १०. मी त्या कार्यालयात गेले. कुठलं कार्यालय ते विचारू नका, सांगणार नाही, आणि आता तिथली माणसंही बदलली असतील. टेबलावरच्या गृहस्थांनी चष्मा वर करून सांगितलं, “मॅडम, आठच्या आधी आमचा माणूस कसा येईल? आणि पाहुणे काय अंधारात येणार आहेत?” मी इन्व्हर्जन समजवायला गेले. ते म्हणाले, हवामान अनुकूल असल्याचा कागद जोडा, म्हणजे प्रश्नच मिटला. कार्यक्रमाला तीन दिवस होते. तीन दिवस आधी कुणी सही करून देईल का की गुरुवारी आठ वाजून चाळीस मिनिटांनी ह्या मैदानावर झोत येणार नाही? शेवटी एका संकेतस्थळावरचं पान छापून जोडलं. वारा मंद, आकाश निरभ्र. निरभ्र! आपल्या कामाला सगळ्यात घातक शब्द, आणि त्यावरच त्यांनी समाधानानं टिकमार्क केला.

पहिला दिवस मस्त गेला. आठ ते सव्वानऊ, साठेक माणसं वर-खाली झाली. का गेला मस्त? पातळ ढग होते, ऊन पोचलंच नाही, झाकण उशिरा उघडलं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. त्याऐवजी मी त्या कार्यालयातल्या गृहस्थांना मनात माफ करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी, आभाळ काचेसारखं. पायलट बाहेरच्या राज्यातला, अबोल माणूस. सव्वाआठला तो चिमण्यांकडे बघत उभा होता आणि मला म्हणाला, आज बंद करू. तेवढ्यात पाहुणे उतरले, गाडीचं दार उघडलं, हार वगैरे. आणि मी बोलले, “साहेब आत्ताच आलेत, एकच राउंड.”

हेच ते वाक्य. कार्यालयाला मी आजही शिव्या घालते, पण ते वाक्य माझं होतं.

साहेब चढले नाहीत, त्यांनी दोन शाळकरी मुलांना चढवलं. बलून पंधरा मीटरवर असताना आधी शामियान्याच्या झालरी उठल्या. मग कापडाच्या वाऱ्याकडच्या अंगाला खळी पडली, गालाला पडते तशी, आणि ती आत आत जायला लागली. आम्ही तीन गाड्यांना बांधलं होतं, दोन ट्रक आणि एक जीप. जीप हँडब्रेकवर असताना फूटभर घसरली, मातीत चाकांच्या दोन रेघा उमटल्या. पायलटनं व्हेंट (माथ्यावरची गरम हवा सोडायची झडप) ओढून बलून अक्षरशः बसवला. मुलं सुखरूप, एकाची हनुवटी टोपलीच्या काठाला लागली तेवढंच. कापड शामियान्याच्या लोखंडी खांबावर पडून तीन पट्ट्यांत फाटलं. आमच्या एका पोरानं हातमोजे काढून ठेवले होते, दोर सरकला आणि त्याच्या तळहाताची साल निघाली. दुरुस्ती, परत केलेले पैसे, तिसरा दिवस रद्द, सगळं मिळून दीड लाखाच्या वर गेलं. वरून त्या कार्यालयाचं पत्र आलं: हवामान अनुकूल असल्याचा कागद जोडलेला असताना वारा कसा आला, खुलासा करावा. ते पत्र मी जपून ठेवलंय.

म्हणून ॲपच्या आधी तुमच्या फेब्रुवारीच्या परवानगीवरची वेळ बघा. आठनंतरची असेल तर भांडा, नाहीच ऐकलं तर कार्यक्रम संध्याकाळी न्या (सूर्यास्ताआधीचा तास-सव्वातास, पण तेव्हा दुपारची उकळी शांत व्हायची वाट बघावी लागते आणि अंधार मागे लागतो, मला सकाळच आवडते). अर्जात घड्याळाची वेळ लिहूच नका, “सूर्योदयापासून दीड तास” असं लिहा आणि दोन राखीव दिवस मागा. आणि “बंद” म्हणायचा अधिकार अशा एकाला द्या ज्याचं आयोजकांशी काही देणंघेणं नाही, ज्याला पाहुणे कोण हेही माहीत नाही.

आता ॲप. ॲपमागचं अंदाज काढणारं संगणकी मॉडेल जगाला चौकटीत कापतं. आपल्या हवामान विभागाचं २०२५ च्या मेमध्ये सुरू झालेलं भारत फोरकास्ट सिस्टीमसुद्धा ६ किमीची चौकट धरतं, आणि परदेशी मॉडेलं ज्यावर बहुतेक ॲपं चालतात ती ९ ते २५-२८ किमीची. म्हणजे तुमचं मैदान, फुटाळा तलाव, सेमिनरी हिल्स आणि अर्धं शहर ह्यांना मिळून एक आकडा. तोही जमिनीपासून १० मीटरवरच्या वाऱ्याचा. त्यामुळे ॲप कुठलंही घ्या, पण त्यात १०० मीटर आणि ९२५ हेक्टोपास्कलचा (हवेच्या दाबावरून सांगितलेली उंची) वारा दिसतो का ते बघा. ९२५ म्हणजे नागपूरच्या डोक्यावर साडेचारशे-पाचशे मीटर. खाली ३ आणि वर २० नॉट असेल तर पहाटेच्या शांततेवर भाळू नका. खाली ३ आणि वर ६ असेल तर निवांत चहा घ्या.

ह्याहून भरवशाचं म्हणजे प्रत्यक्ष नोंद. हवामान विभाग इथून रोज उपकरणं बांधलेला फुगा सोडतो, पहाटे साडेपाचची नोंद. केंद्र क्रमांक ४२८६७ टाकला की नेटवर उंचीनुसार तापमान आणि वारा दिसतो. कधी उशिरा येते, पण आली तर सोनं. तापमानाची रेघ खालच्या भागात वर जाताना उजवीकडे, म्हणजे उबदार बाजूला, वाकलेली दिसली की तेच तुमचं झाकण, किती उंच आहे तेही मोजता येतं.

विमानतळाचा मेटार (तिथल्या प्रत्यक्ष हवामानाची सांकेतिक नोंद) दर अर्ध्या तासाला येतो, तो जरूर वाचा, पण दोन खड्डे आहेत. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, साडेपाच तास मिळवायचे. आमच्या एका पोरानं ०१३० बघून “हे तर रात्रीचं आहे” म्हणून सोडून दिलं होतं, ते सकाळी सातचं होतं. आणि दुसरं, वाऱ्याचा आकडा दहा मिनिटांची सरासरी असतो, झोत सरासरीपेक्षा किमान १० नॉटनं जास्त असेल तरच वेगळा लिहितात. “८ नॉट” ह्याच्या पोटात सोळा-सतराचा धक्का लपू शकतो. माझा स्वतःचा आकडा दोराच्या उड्डाणाला झोतासकट ८ नॉट, म्हणजे ताशी १५ किमी. लोक हसतात. हसू द्या.

वर काय चाललंय ते बघायला हिलियमचा छोटा फुगा सोडा आणि नजरेनं पाठलाग करा. पण फुगेवाल्याकडून घेऊ नका! बरेच फुगेवाले कॉस्टिक आणि ॲल्युमिनियम टाकून हायड्रोजन बनवतात, आणि तुमच्या शेजारी बर्नर आहे.

फेब्रुवारीचं अजून एक. पश्चिमी झंजावात आणि बंगालच्या उपसागरावरची ओल एकत्र आली की विदर्भात अवकाळी आणि गारा, संत्रेवाल्यांना विचारा. ढग पन्नास किलोमीटरवर असला तरी त्याच्यातून निघालेला थंड वारा तुमच्यापर्यंत येतो. रडार आणि दामिनी (विजांचा इशारा देणारं ॲप) बघा. शंभर किलोमीटरच्या आत गडगडाट असेल तर मी बलून पिशवीतून काढू देत नाही. धुक्याबद्दल वाद घालू नका, थांबा. २०१६ मध्ये टेक्सासात लॉकहार्टजवळ धुकं आणि खालच्या ढगांत उडालेला बलून वीजवाहिनीला लागून सोळा जण गेले.

आणि कुणी एप्रिल-मेची तारीख सुचवली तर हिशेब दाखवा. २२०० घनमीटरचा बलून, आतली हवा १०० अंश. बाहेर १० अंश असताना एकूण ६४० किलोच्या आसपास उचल, ३५ अंशाला ४२५. त्यात कापड, टोपली, सिलिंडर सगळं आलं. राहतं किती, ते तुम्हीच बघा.

तुमच्या मैदानाच्या पूर्वेला आणि ईशान्येला काय आहे ते लिहा, किती मजली इमारत, किती अंतरावर. ऊन कधी पोचतं आणि वारा कुठून वळून येतो ते त्यावर ठरेल. फोटो टाकलात तर बरं, सकाळी साडेसातचा.