तुमचं विचारा: जुना ट्रॅक्टर आणि घरातल्या गप्पा

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न जुन्या ट्रॅक्टरबद्दलचे आणि शेतावरच्या बंद पडलेल्या यंत्रांबद्दलचे आहेत, म्हणून दुसरं काहीच घेतलं नाहीये. प्रश्न थोडे छोटे केलेत, नावं काढलीत.

प्रश्न: आम्ही सगळी चुलत भावंडं मिळून घरच्या शेतीच्या आठवणी गोळा करतोय. आजोबांनी आयुष्यभर ट्रॅक्टर चालवला, पण विचारलं की म्हणतात "त्यात काय सांगायचं, चालवला". पुढे काहीच नाही. काय करू?

अहो "आठवणी सांगा" म्हटल्यावर कोण सांगणार? परीक्षेला बसवल्यासारखं होतं ते. आजोबांना आठवणी विचारूच नका, काम विचारा. म्हंजे असं विचारा की सकाळी तो चालू कसा करायचात, पहिल्यापासून सांगा, अगदी मला उद्या करायचाय असं समजून सांगा. मग बघा.

कारण जुनं यंत्र चालू करणं हे नुसतं चावी फिरवणं नव्हतंच. पुढून हँडल मारायचं असेल तर त्याची एक रीत होती, स्पार्क मागे घ्यायचा (म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल असं करायचं), अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा दांड्याभोवती गुंडाळायचा नाही आणि दांडा खालून वर ओढायचा, वरून खाली दाबायचा नाही. इंजिनने उलटा झटका दिला तर अंगठा आणि मनगट वाचावं म्हणून हे सगळं. ज्याने हे वर्षानुवर्षं केलंय त्याच्या हातात कुठलाही दांडा द्या, अंगठा आपोआप बरोबर जागी जातो, आणि बोलणंही तिथूनच सुरू होतं. मनगट कुणाचं मोडलं, कुणाला हँडल मारायला बोलवायचे, कोण नुसताच बाजूला उभा राहून सल्ले द्यायचा, हे सगळं तुम्ही न विचारता येतं.

रॉकेलवर चालणारा होता का हेही विचारा. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे असे ट्रॅक्टर खूप होते. चालू पेट्रोलवर करायचे, इंजिन चांगलं तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचे, आणि बंद करायच्या आधी परत थोडा वेळ पेट्रोलवर, म्हणजे दुसऱ्या दिवशी कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहून अडायला नको. गार इंजिनवर घाईने रॉकेलवर घेतलं तर ते नीट जळायचं नाही, सिलेंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळायचं आणि ऑइल पातळ व्हायचं. ही चूक प्रत्येक घरात कुणीतरी केलेली असते, आणि ती कुणी केली यावर दोन म्हाताऱ्या भावांचं एकमत कधीच होत नाही. दोघांना समोरासमोर बसवा, तुम्ही गप्प बसा.

आवाजावरून विचारा. जॉन डिअरचे जुने दोन सिलेंडरवाले ट्रॅक्टर (१९६० मध्ये कंपनीने ते बंद करून चार आणि सहा सिलेंडरवाले आणले) एका लयीत वाजतच नाहीत, दोन ठोके जवळजवळ आणि मग मोकळी जागा, कारण दोन्ही सिलेंडर समान अंतराने पेटत नाहीत. पाण्यासाठी वापरायची ती लिस्टरसारखी मोठ्या चाकांची इंजिनं मिनिटाला ६५० फेरे घ्यायची, चार स्ट्रोकचं इंजिन म्हणजे पेटणार दर दुसऱ्या फेऱ्याला, म्हणजे सेकंदाला पाचेक ठोके. ते लांबून मोजता यायचे नाहीत पण ठोका चुकला की घरात बसलेल्या माणसालाही कळायचं. "आवाजावरून काय काय कळायचं" हा प्रश्न मला स्वतःला सगळ्यात आवडतो, याचं उत्तर एका वाक्यात देणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

प्रश्न: एक काळापांढरा फोटो सापडलाय, आजी मडगार्डवर बसलीय आणि वडील स्टिअरिंगवर. काका म्हणतात तो फर्ग्युसन, वडील म्हणतात मॅसी फर्ग्युसन. गेली कित्येक वर्षं हेच भांडण चालूय. कोण बरोबर?

दोघंही बरोबर असू शकतात, गंमत तीच आहे.

हॅरी फर्ग्युसनचा छोटा राखाडी टीई-२० इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ बनला, पाच लाखांच्या वर. (एडमंड हिलरीची टुकडी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचली ती हेच ट्रॅक्टर घेऊन, चाकांवर पट्टे चढवून. म्हणजे तुमच्या काकांना त्याचं कौतुक असेल तर ते उगीच नाही.) १९५३ मध्ये फर्ग्युसन कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये मिळाली. मग १९५६ मध्ये ३५ नंबरचं मॉडेल आलं, ते आधी फर्ग्युसन नावाने, राखाडी आणि सोनेरी रंगात. पुढच्याच वर्षी तेच यंत्र लाल-राखाडी रंगात मॅसी फर्ग्युसन ३५ म्हणून यायला लागलं. तर फोटोतला ट्रॅक्टर त्या मधल्या काळातला असेल आणि नंतर कुणी बोनेट बदललं किंवा रंग दिला असेल, तर एकाच ट्रॅक्टरला एका भावाने एक नाव लक्षात ठेवलं आणि दुसऱ्याने दुसरं, असं सहज होतं.

काळ्यापांढऱ्या फोटोत रंग शोधत बसू नका. दोघांना वेगवेगळं बसवून विचारा की गिअरच्या दांड्या किती होत्या आणि चालू कशाने करायचात. टीई-२० ला चार गिअर आणि एकच दांडी, आणि स्टार्टर त्या गिअरच्या दांडीनेच लागायचा, दांडी एस अक्षराच्या जागेवर नेली की स्टार्टर फिरायचा. त्यामुळे गिअरमध्ये असताना तो चालूच व्हायचा नाही, किती साधी आणि हुशार युक्ती! ३५ ला हाय-लोची दुसरी दांडी आली आणि गिअर सहा झाले. हात काय विसरत नाहीत, कंपनीचं नाव विसरतात.

ट्रॅक्टर अजून असेल तर नंबरची पट्टी बघा, टीई-२० ची डॅशबोर्डवर असते. पट्टी गेली असेल तर ओतीव भागांवर, म्हणजे इंजिन ब्लॉक, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल यांवर अक्षरं-आकडे उठलेले असतात, बऱ्याच कंपन्यांचा ओतकामाचा दिनांक त्यात असतो. तारेच्या ब्रशने घासू नका जोरात, रॉकेलच्या फडक्याने पुसा. थोड्या दिवसांचा फरक असायचाच, पण तीन भागांच्या तारखांत वर्षांचं अंतर निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, तोही इतिहासच, कधीतरी एखादा भाग बदलला असणार, आणि कधी बदलला हे विचारायला अजून एक निमित्त मिळालं.

नावांचा असा घोळ सगळीकडेच आहे बरं का. इंटरनॅशनल हार्वेस्टरचं बी-२७५ महिंद्राने भारतात बनवलं, झेटरचं २५११ एचएमटीने. एकच यंत्र, नाव बघावं तर निराळं. म्हणून फोटोखाली लिहिताना कंपनीच्या आधी घरात त्याला काय म्हणायचे ते लिहा.

प्रश्न: माझे मामा सांगायचे की पूर्वी असा एक ट्रॅक्टर होता ज्याचं स्टिअरिंग काढून त्यानेच इंजिन चालू करायचे. थापा ना?

नाही हो, खरं आहे. जर्मनीचा लान्झ बुलडॉग, १९२१ पासूनचा. एकच भलामोठा सिलेंडर, त्याच्या डोक्यावरचा गोळा आधी बत्तीच्या ज्योतीने लालभडक तापवायचा, मग स्टिअरिंग दांड्यासकट उपसून बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये घालून झोकायचं. मामांची माफी मागा.

प्रश्न: शेडमध्ये आजोबांचा ट्रॅक्टर खूप वर्षं बंद पडून आहे. पुढच्या वेळी सगळे जमणार आहेत तेव्हा रंगवून, चालू करून सगळ्यांना चकित करायचं ठरवलंय. कुठून सुरुवात करू?

रंग शेवटी. खरं म्हणजे माझं मत विचाराल तर रंग नकोच. ज्या जागी आजोबांच्या बुटाने पायरीचा रंग घासलाय, ज्या जागी मडगार्डवर बसून बसून पत्रा चकाकलाय, ती जागा नव्या लाल रंगाखाली गेली की गोष्ट सांगायला काय उरलं? धुवा, ग्रीस काढा, तेलाचा हात फिरवा, बास. आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं सँडपेपर मारून ती धूळ मुलांच्या नाकात जाऊ देऊ नका. ब्रेक आणि क्लचच्या जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, तिथे कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

चालू करायचं म्हणाल तर आधी हाताने फिरतंय का बघा. जाम असेल तर दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये ओढायचा मोह होतो, भावकीतला कुणीतरी उत्साही माणूस दोर घेऊन येतोच, त्याला चहा द्या आणि दोर काढून घ्या. अडकलेला पिस्टन जबरदस्तीने हलवला की रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग किंवा नोझल काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल, नाहीतर साधं डिझेल ओतून काही दिवस सोडून द्या, रोज फ्लायव्हीलला हळूच पुढे-मागे करून बघा, केसभर हलला तरी आनंद माना. खालचं जुनं ऑइल काढा. ते दुधाळ निघालं तर त्यात पाणी आहे, मग चालू करायचं विसरा आणि पाणी कुठून आलं ते शोधा. टाकी खोलून गंज बघा, फिल्टर बदला, डिझेल असेल तर लाइनमधली एअर काढा. वर्षानुवर्षं पडलेल्या डिझेल पंपाची रॅक, म्हणजे किती डिझेल सोडायचं ते ठरवणारी दांडी, कधी कधी पूर्ण डिझेल सोडायच्या जागीच अडकलेली असते, मग इंजिन चालू होतं आणि थांबतच नाही, पळत सुटतं. म्हणून पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि एक माणूस सपाट फळी घेऊन तिथे उभा करा, वेड्यासारखं पळालं तर फळीने हवा बंद करायची. हात लावायचा नाही, फळीच.

आणि चकित करायची कल्पना सोडून द्या असं सांगेन. आजोबा असतील तर त्यांना शेजारी खुर्ची टाकून बसवा आणि प्रत्येक नट खोलताना विचारा. तयार ट्रॅक्टर बघून ते "छान" म्हणतील, अर्धा खोललेला बघून तासभर ओरडतील, आणि तुम्हाला हवंय ते त्या ओरडण्यातच आहे.

प्रश्न: आमच्या घरात ट्रॅक्टर उलटून एक काका गेले. त्याबद्दल कुणीच बोलत नाही. घराच्या आठवणी लिहिताना ते लिहावं का? की वगळावं?

आधी त्यांच्या सगळ्यात जवळच्या माणसाला विचारा, काकू असतील तर काकूंना. त्या नको म्हणाल्या तर छापू नका, पण वेगळ्या वहीत लिहून ठेवा. हो म्हणाल्या तर नीट लिहा. "दैवात होतं" एवढ्यावर सोडू नका, कारण ते तसं नव्हतं.

मागची चाकं चिखलात किंवा बुंध्याला अडली, ओढायची साखळी अ‍ॅक्सलच्या वर बांधलेली असली आणि क्लच झटकन सोडला, की चाकं फिरू शकत नाहीत म्हणून ट्रॅक्टरच चाकांभोवती फिरतो, पुढचं तोंड उचलतं आणि दीड सेकंदाच्या आत माणूस खाली. उडी मारायला वेळच नसतो. उतारावर बाजूला उलटणंही तसंच. हे चालवणाऱ्याच्या बावळटपणामुळे होतं असं कितीतरी घरांत मानलं जातं आणि तो सल पुढच्या पिढीपर्यंत राहतो. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरला चालकाच्या संरक्षणाची चौकट सक्तीची केली आणि तिथे उलटून मरणाऱ्यांची संख्या घसरली. माणसं तीच होती, वर लोखंडी चौकट आली. काकांच्या ट्रॅक्टरला ती नव्हती, एवढं एक वाक्य लिहिलंत तरी काकूंच्या मनावरचं ओझं हलकं होईल.

आणि साखळी कुठे बांधली होती हे ज्याला माहीत असेल त्याला दोष देण्यासाठी विचारू नका.

प्रश्न: आई आणि आत्या म्हणतात, आम्ही कुठे ट्रॅक्टर चालवला, आमच्याकडे काय आठवणी?

मळणीच्या वेळी कोण उभं होतं, विचारा. ट्रॅक्टर किंवा इंजिन लांब उभं करून मधे लांबलचक पट्टा असायचा, बहुतेक वेळा आठच्या आकड्यासारखा पीळ दिलेला, त्याने पट्टा फडफडत कमी आणि पुलीला धरून जास्त बसतो. त्या पट्ट्याखालून लहान मुलांनी जाऊ नये म्हणून लक्ष कोण ठेवत होतं? यंत्रात पेंढ्या कोण घालत होतं, कुणाचा पदर अडकता अडकता राहिला, रेडिएटरचं पाणी कोण आणत होतं? पीटीओचा शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून दुसरं यंत्र फिरवणारा दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो, सेकंदाला नऊ, कपडा पकडला तर सोडवायला हात पोचत नाही. चालवणाऱ्याची पाठ तिकडे असायची. बघत होत्या त्या आई आणि आत्याच, म्हणजे निम्मी गोष्ट त्यांच्याकडेच आहे, आणि माझ्या अनुभवात ती जास्त खरी असते कारण त्यात फुशारकी नसते.

प्रश्न: आमचं पाण्याचं जुनं इंजिन अजून चालतं. आवाज रेकॉर्ड करायचाय, फोनवर नुसता खरखराट येतो.

फार जवळ जाताय. दहा-पंधरा पावलं मागे या, वारा पाठीवर घ्या, फोन हातात न धरता जमिनीवर घडी केलेल्या गोणपाटावर ठेवा. चालू करण्याच्या आधीपासून रेकॉर्डिंग लावा आणि इंजिन बंद केल्यावर चाकं पूर्ण थांबेपर्यंत ते बंद करू नका. मधे कुणी बोललं तर बोलू द्या, पुसू नका.