क्रॅशगार्ड घ्यायचाय? पाईपआधी बोल्ट बघा

(टूरिंगवाल्यांचे प्रश्न यावेळी जवळजवळ सगळे क्रॅशगार्डबद्दलच आलेत, म्हणजे मोटरसायकल पडली तर इंजिन वाचावं म्हणून लावतात त्या लोखंडी पाईपच्या सांगाड्याबद्दल, पावसाळा संपत आला की सगळ्यांना हिमालय दिसायला लागतो त्याचा परिणाम असावा. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिलीयेत.)

प्रश्न : सर, नवी रॉयल एनफील्ड हिमालयन ४५० घेतलीय आणि आम्ही तिघं दोस्त स्पितीला चाललोय. एक म्हणतोय सगळ्यात जाड पाईपचा गार्ड घे, दुसरा म्हणतोय कंपनीचाच घे, आणि तिसरा म्हणतोय गार्ड लावलास की पडल्यावर चेसिस वाकती, त्यापेक्षा लावूच नको. गॅरेजवाला अर्ध्या तासात बसवून देतो म्हणतोय पण मला स्वतः घरी बसवायचाय. काय करावं कळंना झालंय. – एक वाचक, कोल्हापूर

तुमच्या तिसऱ्या मित्राला हसू नका, तिघांत त्याचंच म्हणणं मुद्द्याच्या सगळ्यात जवळ आहे, फक्त त्यानं काढलेला निष्कर्ष चुकलाय.

आधी गाडी पडते कशी ते बघू. स्पितीत बहुतेक वेळा गाडी पडते ती ऐंशीच्या स्पीडला नाही, तर पाण्यातून जाताना दगडावरनं पुढचं चाक घसरलं, चढावर यू-टर्न घेताना पाय टेकला आणि खाली जमीनच नव्हती, नाहीतर साईड स्टँडखालची रेती सरकली, अशी. तुमची गाडी पेट्रोल धरून १९६ किलोची, वर सामान चढवलं की सव्वादोनशेच्या पुढं सहज जाते. ती आडवी झाली की पहिल्यांदा टेकतं हँडलचं टोक, मग फूटपेग आणि इंजिनचं बाहेर आलेलं कव्हर. डाव्या अंगावर पडली तर गिअरचा लिव्हर आत दाबला जाऊन केसिंगवर आदळतो, आणि केसिंगला बारीक जरी तडा गेला तरी ऑईल गळायला लागतं, मग स्पितीतल्या लोसरच्या अलीकडं कुठंतरी बसून राहायचं. पुढं रेडिएटर आहे तो वेगळाच. हे सगळं वाचवायला गार्ड पाहिजे, त्यामुळं लावायचा की नाही हा प्रश्नच नाही, लावायचाच.

पण गार्डवर आदळलेला जोर तिथंच विरत नाही. पाईपमधून तो ब्रॅकेटला जातो, ब्रॅकेटमधून बोल्टला आणि बोल्टमधून इंजिनच्या नाहीतर फ्रेमच्या माउंटिंगला, म्हणजे इंजिन फ्रेमला जिथं बोल्टनं धरलेलं असतं तिथं. तुमच्या गाडीत तर इंजिन फ्रेममध्ये नुसतं ठेवलेलं नाहीये, ते फ्रेमचाच भाग म्हणून भार घेतं, म्हणजे तिथले बोल्ट आधीच कामाला लागलेले असतात. गार्डनं वाकायचं असतं. वाकून मार खायचा, मागं कमीत कमी पाठवायचा, आणि परत आल्यावर तो भंगारात टाकून नवा घ्यायचा. पाईप इतका जाड घेतला की तो वाकतच नाही, तर मग दुसरं काहीतरी वाकतं, आणि ते दुसरं म्हणजे माउंटिंगचा कान (बोल्टचं भोक असलेला बाहेर आलेला तुकडा) असेल तर खर्च गार्डच्या कितीतरी पट. मित्र म्हणाला ते हेच, फक्त अर्धं.

म्हणून घेताना पाईपच्या जाडीआधी तीन गोष्टी बघा. प्रत्येक बाजूला निदान तीन ठिकाणी पकड आहे का, डावा आणि उजवा भाग पुढून आडव्या पट्टीनं जोडलेत का (जोडलेले असले की एका बाजूचा दणका दोन्हीकडं वाटला जातो), आणि पडल्यावर जमिनीला टेकणारा भाग इंजिन कव्हरच्या खरंच बाहेर आहे का, कारण काही गार्ड फोटोत झकास दिसतात आणि कव्हरच्या पुढं बोटभरसुद्धा नसतात. पाईप साधारण इंचभर व्यासाचा, दोन मिलिमीटर जाडीचा असला तर पुरे. असा पाईप मीटरला सव्वा किलोच्या आसपास भरतो, म्हणजे चार मीटरचा गार्ड पाच किलोपर्यंत गेला, आणि त्याहून जड घ्याल तर तेवढं वजन रोज पुढच्या चाकावर घेऊन फिराल. कंपनीचा घ्या की बाहेरचा, मला दोन्ही चालतात, पण बाहेरचा घेतलात तर तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला घ्या, 'सगळ्या गाड्यांना बसतो' वाला नको.

आता बसवणं. घरी बसतो, अवघड काही नाही, पण अर्ध्या तासात नाही. दुपार मोकळी ठेवा.

इंजिन थंड पाहिजे आणि गाडी सरळ उभी पाहिजे, साईड स्टँडवर कलती ठेवून हे काम करू नका. बॅशप्लेट (इंजिनखालचा संरक्षक पत्रा) काढायची, इंजिनखाली जॅक आणि मध्ये लाकडी ठोकळा, जॅक फक्त टेकवायचा, उचलायचं नाही, आणि ठोकळा ऑईल फिल्टर किंवा ड्रेन बोल्टवर येणार नाही हे बघायचं. मग एका वेळी एकच बोल्ट. दोन्हीकडचे बोल्ट एकदम काढले की इंजिन दोन-तीन मिलिमीटर खाली बसतं आणि मग भोकात भोक मिळत नाही, तिथनं हातोडी येते आणि कामाचा बट्ट्याबोळ होतो. आरपार जाणारा लांब बोल्ट असेल तर जुना नुसता ओढून काढू नका, नवा बोल्ट मागनं लावून त्यानंच जुना पुढं ढकलत न्या, जुना बाहेर पडेपर्यंत नवा आत गेलेला असतो, इंजिन जागचं हलत नाही.

सगळे बोल्ट आधी हातानं लागतील तेवढेच लावायचे. डावा भाग, उजवा भाग, मधली पट्टी, सगळं सैल लटकलेलं असू द्या. सगळे आटे धरले की मग पाना घ्यायचा, आधी इंजिन-फ्रेमकडचे आवळायचे आणि दोन भाग जोडणारे क्लॅम्प शेवटी. उलटं केलंत तर गार्ड ताणून बसतो. आणि एखादं भोक तीन-चार मिलिमीटरनं चुकत असेल तर पट्टा बांधून, टॉमी (लोखंडी सळई) घालून ओढून बसवू नका राव! तो ताण तिथंच राहतो, गाडी चालली की दर खड्ड्याला तो बोल्ट मार खात असतो. वायसर-स्पेसर देऊन जमतंय का बघा, नाही जमलं तर गार्ड परत करा, बनवणाऱ्यानं जिग (वेल्ड करताना तुकडे जागेवर धरणारा साचा) नीट धरलं नव्हतं एवढाच त्याचा अर्थ.

बोल्टचं डोकं बघा. ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा कोरलेला असतो, मूळ बोल्टवर जो आहे त्यापेक्षा कमी चालणार नाही. हार्डवेअरच्या दुकानात चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट मिळतात, 'गंज लागत नाही' म्हणून लोक हौसेनं लावतात, पण तिथं सर्रास मिळणारा ए२-७० हा ताकदीत ८.८ च्या खालीच असतो, म्हणजे नंबरप्लेटला लावा, इंजिन माउंटिंगला नको. आवळायला टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानंच आवळणारा पाना) भाड्यानं नाहीतर मागून आणा आणि आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या. अंदाजासाठी सांगायचं तर ८.८ चा आठ एमएम बोल्ट २५ न्यूटन-मीटरच्या आसपास आणि दहा एमएम ५० च्या थोडा खाली, पण ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये जाणारा असेल तर हा अंदाज बाजूला ठेवून मॅन्युअलच बघायचं, तिथले आटे गेले की मग इन्सर्ट (नव्या आट्यांची नळी) बसवत बसा. थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं चिकट द्रव) निळं वापरा. लाल लावलंत तर पुढच्या वेळी बोल्ट तापवल्याशिवाय सुटत नाही. नायलॉनवाले नट एकदा काढले की नवेच घाला.

आणि हे सगळ्यात जास्त विसरलं जातं: गार्डवरचं पावडर कोटिंग वायसरखाली दबतं, त्यामुळं पहिल्या दिवशी बरोबर आवळलेला बोल्ट शंभर-दोनशे किलोमीटरनंतर ढिला निघतो, कुणाची चूक नसते. बसवल्यावर बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटवर पांढऱ्या मार्करनं एक सरळ रेघ ओढून ठेवा. गगनबावड्यापर्यंत जाऊन या आणि रेघ बघा. तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय. पण बोल्ट न फिरताही कोटिंग दबून ताण कमी होतो, म्हणून रेघ जुळत असली तरी टॉर्क रेंच एकदा लावाच, आणि स्पितीत रोज सकाळी निघायच्या आधी रेघांवर नजर टाका, दहा सेकंदांचं काम आहे.

शेवटी हँडल दोन्हीकडं पूर्ण फिरवून बघा, दोघांना गाडीवर बसवून पुढचं सस्पेन्शन दाबून बघा (तुमच्या गाडीला पुढं २०० मिलिमीटरचा ट्रॅव्हल आहे, तो सगळा आत गेला तरी मडगार्ड गार्डला टेकता कामा नये), गार्ड न काढता ऑईल फिल्टर निघतोय का बघा, आणि रायडिंग बूट घालून गिअर टाकून बघा. चप्पल घालून बघितलेलं चालत नाही. बॅगेत जादा गिअर लिव्हर आणि क्लच लिव्हर टाका, गार्ड असूनही हे दोन वाकतातच.

प्रश्न : माझी क्लासिक ३५० आहे, उंची पाच फूट एक इंच, त्यामुळं सिग्नलला पाय नीट टेकत नाही. आई म्हणते लेगगार्ड लावल्याशिवाय गाडी घराबाहेर काढायची नाही, पाय तरी वाचेल. खरंच वाचतो का? – एक वाचक, ठाणे

ताई, आईला दुखवायचं नाहीये, पण क्रॅशगार्डच्या 'लेगगार्ड' या नावावर फार विसंबू नका. सिग्नलला गाडी कलंडली तर गाडी पूर्ण आडवी होत नाही, खाली जागा राहते आणि पाय काढून घेता येतो, उचलायलाही सोपी जाते, एवढा फायदा नक्की आहे आणि तुमच्यासाठी तेवढ्यासाठीसुद्धा लावणं बरोबर आहे. वेगातल्या अपघाताचं गणित मात्र वेगळं. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये हॅरी हर्ट यांच्या टीमनं सुमारे ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले होते, १९८१ मध्ये अहवाल आला, आणि त्यात क्रॅशबारबद्दल, म्हणजे या गार्डबद्दलच, निघालं ते असं की घोटा-पाऊल यांच्या जखमा कमी होतात पण गुडघा, नडगी आणि मांडीच्या तेवढ्याच वाढतात, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटतो. तेव्हा गार्ड गाडीसाठी, पायासाठी घोट्याच्या वर येणारे बूट आणि नी-गार्ड. आईला तेही दाखवा, बजेट वाढेल तुमचं!

आणि हायवेला लागल्यावर गार्डवर पाय पसरून बसायची सवय लावून घेऊ नका, ब्रेक तिथं नसतो.

प्रश्न : गार्ड लावला तर पोलीस पकडतात का? आमच्या ग्रुपवर रोज वेगळं ऐकायला मिळतं. – एक वाचक, नाशिक

ग्रुपवर जे फिरतंय त्याचं मूळ ७ डिसेंबर २०१७ चं आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं त्या तारखेला राज्यांना पत्र लिहून गाड्यांवरच्या क्रॅशगार्ड-बुलबारवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई करायला सांगितलं. कलम ५२ म्हणजे आरसीवरचा तपशील आणि कंपनीनं ठरवलेली मूळ रचना यात फरक पडेल असा बदल करायचा नाही. रोख होता तो मुख्यतः एसयूव्हीपुढच्या लोखंडी सांगाड्यांवर, कारण ते पायी चालणाऱ्याला घातक आणि आतल्यांसाठी एअरबॅगच्या कामातही अडथळा. दुचाकीच्या गार्डबद्दल मग रस्त्यावरचा हवालदार काय अर्थ लावतो यावर बरंच अवलंबून राहतं. कंपनीची ॲक्सेसरी डीलरकडून बिलावर घेतलेली असली तर बोलायला जागा राहते, म्हणून बिलाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि गार्ड हँडलच्या रुंदीबाहेर जाणारा घेऊ नका.

गंमत अशी की ग्रुपवरचे हेच लोक गार्ड लावताना सारीगार्ड काढून फेकतात, आणि मागच्या बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकावर आडोसा पाहिजेच हे केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. तिथं वाद घालायलाही वाव नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या हिमालयन ४११ ला टाकीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी फ्रेम आहेच, मग वेगळा गार्ड कशाला? आणि घ्यायचाच तर लोटे एमआयडीसीत मित्राचं वर्कशॉप आहे, तो फुकटात करून देतो म्हणतोय. – एक वाचक, चिपळूण

ती फ्रेम जेरीकॅन, सामान अडकवायला आहे, टाकीला थोडाफार आडोसा होतो तो बोनस. इंजिन ती वाचवत नाही, तेव्हा खाली वेगळा गार्ड पाहिजे.

मित्राकडून करून घ्यायला माझी हरकत नाही, एमआयडीसीतला चांगला वेल्डर पुष्कळ ब्रँडेड मालापेक्षा सरस काम करतो. पण त्याला तीन गोष्टी सांगा. पाईप कापून कोपऱ्यात वेल्ड मारण्यापेक्षा बेंडिंग मशीनवर वाकवून घे, कारण दणका बसला की तडा वेल्डच्या कडेलाच जातो. फ्रेमला थेट वेल्ड अजिबात मारायचा नाही, सगळं बोल्टवर. आणि गाडीवर बसवून टॅक (वेल्डचे तात्पुरते टिपके) मारायचे असतील तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढ, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टरही सोडव, नाहीतर फुकटचा गार्ड भलताच महाग पडेल.

तुमच्याकडं पाऊस आणि खारी हवा दोन्ही, त्यामुळं पाईप आतून गंजतो, बाहेरून पावडर कोटिंग नवंकोरं दिसतं आणि एक दिवस बोटानं दाबलं तर आत जातं. टोकं बंद करून घ्या आणि सगळ्यात खालच्या जागी तीन एमएमचं एक भोक ठेवा, आत गेलेलं पाणी निघून जाईल.

प्रश्न : गार्ड लावल्यापासून ठराविक आरपीएमला पायाखाली झिणझिण्या येतात. आणि गार्डवर फॉगलॅम्प लावले तर चालतील का? – एक वाचक, पुणे

सगळे बोल्ट सैल करून परत वर सांगितलेल्या क्रमानं आवळा, बहुतेक वेळा गार्ड ताणून बसलेला असतो आणि तिथंच प्रश्न सुटतो. नाही सुटला तर मधली आडवी पट्टी आहे का बघा, नसली तर दोन्ही बाजू मोकळ्या थरथरतात. बोल्ट घट्ट आणि तरीही एकाच जागी किर्र आवाज येत असेल तर ब्रॅकेटच्या वेल्डवर नखानं खरवडून बघा, कोटिंगखाली केसासारखी रेघ दिसली तर गार्ड काढून टाका, वेल्ड करून परत लावू नका.

फॉगलॅम्प लावा, पण रिलेवर (बॅटरीवरनं थेट वीज देणारा वेगळा स्विच) आणि वेगळ्या फ्यूजनं, हेडलाईटच्या वायरीला जोड मारून नाही. नाना पेठेत तयार वायरिंग किट मिळतं तेच घ्या. लॅम्पचा क्लॅम्प गार्डच्या वरच्या नळीला लावा, पडल्यावर टेकणाऱ्या कोपऱ्याला नाही. झोत खाली ठेवा, ताम्हिणीत समोरून येणाऱ्यालाही रस्ता दिसला पाहिजे. आणि विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी गार्ड आणि लॅम्प ॲक्सेसरी म्हणून पॉलिसीत लिहून घ्या, नोंद नसलेल्या वस्तूचा क्लेम मागायला गेलात की हात हलवत परत यावं लागतं.