अंगणवाडीत बाळाचं वजन होतंच, मग घरी येणारं आरोग्य सर्वेक्षण कशासाठी? माहिती द्यावी का?

जरूर द्या. दोन्ही कामं वेगळी आहेत.

अंगणवाडीताई वजन-उंची पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरतात, २०२१ पासून. त्यातून तुमचंच बाळ मागे पडतंय का ते कळतं. पण जी पोरं अंगणवाडीत येतच नाहीत त्यांचं काय? आपल्या कोल्हापूरच्या राजारामपुरीत कितीतरी मुलं थेट खासगी बालवाडीत जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मात्र अंगणवाडीत जाणारी-न जाणारी असा भेद न करता नमुना पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखी मोजकी घरं निवडतं. १९९२-९३ पासून ते होतंय, काम मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था बघते. २०१५-१६ च्या फेरीपासून आकडे जिल्हावार मिळतात, म्हणजे कोल्हापूरचं चित्र राज्याच्या सरासरीत हरवत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

माप नीट घेऊ द्या, एवढी कळकळीची विनंती. माझी आई कसबा बावड्यात अंगणवाडी सेविका होती. दोन वर्षांखालचं बाळ फळीवर झोपवून लांबी घ्यायची, तर ते गुडघे दुमडून घेतं, रडतं, आजी म्हणते "ऱ्हाऊ दे की आता!" आई मात्र गुडघे हलकेच दाबून, टाचा टेकवून पुन्हा मोजायची. एका सेंटीमीटरनं बाळ खुज्या, म्हणजे वयाच्या मानानं कमी उंचीच्या, गटात जातं किंवा त्यातून सुटतं.

२०१९-२१ च्या फेरीपर्यंत हिमोग्लोबिनसाठी बोटातून थेंबभर रक्त घ्यायचे, त्याआधी संमती विचारायचे. कुठलीही तपासणी नको असेल तर नाही म्हणता येतं, एखादा प्रश्नही सोडता येतो. ओळखपत्र मात्र बघून घ्या. बँकेचा खाते क्रमांक किंवा ओटीपी कुणी मागितला, तर देऊ नका.