ताईंना विचारा : आम्ही तर कष्टानेच वर आलो, मग फायदा कसला?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही दांडिया बाजारचे, चार पिढ्या बडोद्यातच. मुलगा शिकागोला असतो. नातीला तिथे शाळेत व्हाईट प्रिव्हिलेज शिकवलं म्हणे, म्हणजे गोरं असण्याचा आयता मिळणारा फायदा, आणि सुट्टीत आली तर जेवताना म्हणते आजी आपल्याला पण जातीचा असाच फायदा मिळालाय. ह्यांना फार लागलं. माझे सासरे इतके गरीब की वार लावून जेवले, लोकांच्या घरी जाऊन शिकवण्या केल्या, तेव्हा कुठे शिकले. यात फायदा कुठे आला? आणि गोऱ्यांचं तिथलं आपल्याला कशाला लावायचं?

उत्तर : काकू, सासऱ्यांची गरिबी खरी, कष्टही खरे, नात ते खोटं म्हणतच नाहीये. पण तुम्हीच लिहिलंय बघा, वार लावून जेवले. म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरं त्यांना आत घेत होती, पानावर बसवत होती, वाढत होती. तितकाच गरीब, तितकाच हुशार मुलगा दलित वस्तीतला असता तर त्याला त्यातल्या एका तरी स्वयंपाकघरापर्यंत जाऊ दिलं असतं का? शिकवणीला तरी कोणी घरात घेतलं असतं? नात म्हणते तो फायदा हाच, हातात काही मिळालं असं नाही पण दार बंद झालं नाही, आणि जे बंदच झालं नाही ते आपल्याला दिसणार तरी कसं.

अमेरिकेत हे सरकारी कागदावरच सापडतं म्हणून समजायला सोपं जातं. १९३० च्या दशकात तिथे गृहकर्जासाठी शहरांचे सरकारी नकाशे केले आणि काळ्या लोकांच्या वस्त्या त्यात लाल रंगवल्या, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. शिकागोचाही असा नकाशा आहे, नातीला दाखवायला सांगा. पुढे कर्जाची सरकारी हमीपण मुख्यतः गोऱ्यांच्याच वस्त्यांना मिळत राहिली. घराच्या बाबतीतला भेदभाव कायद्याने बंद झाला तो १९६८ मध्ये, तोपर्यंत गोऱ्या कुटुंबांनी सोप्या हप्त्यात घेतलेल्या घरांच्या किमती कुठच्या कुठे गेल्या होत्या, त्या घरांच्या जिवावर मुलं कॉलेजला गेली, नंतर घर वारशात आलं. आजचा नातू कोणाशी वाईट वागला नसेलही, पण घर त्याच्याकडे आहे ना.

आणि आपलं यात काय म्हणाल तर, १९२३ मध्ये भगतसिंग थिंद म्हणून एक जण (आपले क्रांतिकारक नव्हेत, हे वेगळे, अमेरिकन सैन्यात राहिलेले) तिथल्या सुप्रीम कोर्टात नागरिकत्वाचा खटला हरले, कारण कोर्ट म्हणालं भारतीय माणूस गोरा नाही. मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते हे की त्यांच्या बाजूने मुद्दा असा मांडला होता की आम्ही उच्च जातीचे, आर्य, म्हणून गोऱ्यांतच धरा. आपली जात घेऊन तिथे गोरेपण मागायला गेलो होतो आपण! पुढे १९६५ च्या कायद्याने भारतीयांना रस्ता मोकळा झाला, आणि तो झाला काळ्या लोकांनी समान हक्कांसाठी चळवळ करून देश हलवला त्या काळात. तुमचा मुलगा शिकागोत आहे त्यात त्यांचा पण वाटा आहे, हे घरात बोललं गेलं पाहिजे.

बडोद्याचं तर तुम्हाला मी काय सांगणार. १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले आणि १९१७ मध्ये इथे नोकरीला आले तर राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत जात लपवून राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं, मग कमाटीबागेत बसून रात्रीच्या गाडीची वाट बघितली. परदेशातली डिग्री होती, खुद्द महाराजांची नोकरी होती, तरी. आणि सासऱ्यांना डिग्री नसतानाही घरं उघडी होती. ह्यांना हे दोन्ही शेजारी ठेवून दाखवा, रागावतील थोडं, रागावू द्या, नातीला मात्र गप्प करू नका.

प्रश्न : ताई, मी एम.एस. युनिव्हर्सिटीत शिकतो. मित्राबरोबर रूम बघायला गेलो, मालक आधी हो म्हणाले, मग त्याचं आडनाव विचारलं आणि लगेच म्हणे पाहुणे येणार आहेत, रूम द्यायची नाही. मी भांडणार होतो पण मित्र म्हणाला सोड ना यार. मी काय करायला हवं होतं?

उत्तर : तो सोड म्हणाला तर तिथे सोडलंस ते बरोबर केलंस, भांडण तू करणार आणि नाव त्याचं खराब होणार. पण विषय संपला नाही. वर सांगितलं त्या प्रसंगात बाबासाहेब राहायची सोय होते का बघायला एका हिंदू मित्राकडे गेले होते, मित्राला वाईट वाटलं, संतापलासुद्धा, पण म्हणाला तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. हळहळ होती पण स्वतःचं काही जाऊ द्यायची तयारी नव्हती. तुझी परीक्षा तिथेच आहे. मित्राला नको तर ती रूम तूही घेऊ नकोस, आणि त्याची हरकत नसेल तर नंतर एकटा जाऊन मालकांना नीट शब्दांत सांग की कशामुळे घेत नाही. पुढच्या ठिकाणी, त्याला चालत असेल तर, फोनवरच दोघांची नावं तू सांग, म्हणजे दारात उभं राहून नकार ऐकायची वेळ त्याच्यावर येणार नाही. भाडं पाचशे-हजार जास्त पडलं तर ते तू उचल, जमत असेल तर. आणि इन्स्टावर यावर स्टोरी टाकायची असेल तर आधी त्याला विचार, तो नको म्हणाला तर टाकू नकोस.