इंग्लंडचा जुना फुटबॉलपटू बिली बॅसेट वेस्ट ब्रॉमिच अल्बियन सोडून दुसऱ्या कुठल्या क्लबकडून खेळला होता का?

नाही, १८८६ ते १८९९ ही सगळी व्यावसायिक कारकीर्द त्याने अल्बियनमध्येच काढली. जन्मगाव वेस्ट ब्रॉमिच, क्लबही तिथलाच. अंगाने किरकोळ, पण उजव्या बगलेवरून सुसाट. १८८८ च्या एफए कप (इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा) फायनलमध्ये या १९ वर्षांच्या पोराने बलाढ्य प्रेस्टन क्लबच्या बचावफळीला जेरीस आणलं आणि अल्बियन २-१ ने जिंकलं. १८९२ ला पुन्हा कप, शिवाय इंग्लंडकडून १६ सामने. पुढे १९०८ पासून १९३७ साली मरेपर्यंत तो क्लबचा अध्यक्षच होता! फक्त गोल मोजून त्याला जोखू नका. विंगरचं, म्हणजे बगलेवरून खेळणाऱ्याचं, काम मुख्यतः क्रॉस देणं (बाजूने गोलसमोर चेंडू टाकणं), आणि तेव्हा असिस्टचा (गोलसाठी दिलेल्या पासचा) हिशेब कोणी ठेवत नसे.