फ्रान्समधली जुनी गावं तरुण मुलांबरोबर गाडीने फिरावीत का?

तुम्ही विचारलंय की मुलगी 22 ची, मुलगा 19 चा, हातात दहा दिवस, गाडी भाड्याने घेऊन फ्रान्समधली जुनी गावं बघायची आहेत; मुलं कंटाळतील का आणि मुक्काम किती ठेवावेत. मुक्काम तीन ठेवा. कंटाळण्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण याच गोष्टीवरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं वर्षभर धड बोलणं नव्हतं.

दादाचं म्हणणं असं, की या वयाच्या पोरांना आईबाप बरोबर नको असतात. पैसे द्या आणि मित्रांबरोबर पाठवा. आणि तटबुरुजच बघायचे तर आपल्याकडे किल्ल्यांना काय तोटा आहे?

आम्ही 2024 च्या मे महिन्यात गेलो. लेक 23 ची, मुलगा 20 चा. दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरात गाडी घेतली आणि पहिला मुक्काम कार्कासॉन या दुहेरी तटाच्या जुन्या गावात केला. दुपारी तीनला वेशीतून आत शिरलो. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, दोन्ही बाजूंना लाकडी तलवारी आणि ढालींची दुकानं. लेक दहा मिनिटांत वैतागली. "बाबा, हे जुनं वाटतच नाहीये, सगळं नव्याने बांधल्यासारखं आहे." मी भर गल्लीत तिच्यावर ओरडलो. एवढे लाखो रुपये खर्चून आलोय आणि हिचं तोंड वाकडं! त्यानंतर संध्याकाळपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. त्या ओरडण्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तिचं निम्मं खरं होतं.

रात्री जेवून आम्ही दोन तटांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात गेलो. तिथे तिकीट लागत नाही, आणि बसगाड्या निघून गेल्यावर चिटपाखरू नसतं. मुलगा आतल्या तटाला हात लावून उभा राहिला. खाली छोट्या दगडांचे थर, दर काही थरांनंतर लाल चपट्या विटांची ओळ. ते रोमन काळातलं काम. वर मध्ययुगातले मोठे घडीव दगड. तो म्हणाला, "बाबा, हे राजगडाच्या संजीवनी माचीसारखं आहे. बाहेरचा तट पडला तरी शत्रू दोन भिंतींच्या मधे सापडतो." मग त्याने दिवसभरात वाचलेलं सांगायला सुरुवात केली. 1849 मध्ये सरकारने हे तट पाडायचं ठरवलं होतं, गावातल्या लोकांनी ते हाणून पाडलं, आणि 1853 पासून व्हियोले-ल-द्युक नावाच्या वास्तुतज्ज्ञाने दुरुस्ती हाती घेतली. बुरुजांवरची काळ्या पाटीच्या दगडाची निमुळती छपरं त्याचीच; या भागात तशी छपरं नसतात, म्हणून त्याच्यावर टीकाही झाली.

"म्हणजे मी दुपारी तेच म्हणत होते," लेक म्हणाली.

"छपरं चुकली असतील, ताई. पण त्याने हात लावला नसता तर तू आज चिडली कशावर असतीस?"

तिथून बोलण्याची गाडी आपल्या गडांवर आली. ढासळलेला बुरुज पुन्हा बांधावा, की आहे तसा सांभाळावा? ती म्हणे, नवं बांधलं की जुनं कुठलं ते कळेनासं होतं. तो म्हणे, तटातून झाड उगवून चिरे सुटताना बघवत नाही. अकरा वाजले, गार वारा सुटला, तरी दोघं उठेनात. मी आणि बायको दगडावर बसून ऐकत होतो. घरी जेवायला बसल्यावर ही दोघं एकमेकांशी चार वाक्यं बोलत नव्हती.

दादाला मी हेच सांगतो. आपल्याकडे किल्ले आहेत म्हणूनच त्या पोराला तिथे बोलण्यासारखं काही होतं. 2025 च्या जुलैमध्ये आपले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा त्याने पहिला फोन ताईला केला आणि तोच वाद पुढे सुरू झाला. मित्रांबरोबर पाठवलं असतं तर मजा केली असती, पण हे कुठून आलं असतं?

बाकी, एकेक गाव मुलांना निवडू द्या आणि तिथे त्यांचंच चालू द्या. मुलाने नीम हे शहर निवडलं. तिथून जवळच पाँ द्यु गारचा तीन मजली रोमन पूल आहे. साधारण 50 किलोमीटरच्या पाटातून नीमला पाणी आणायचं आणि एकूण उतार जेमतेम 12-13 मीटर, हे गणित तो पुलाखाली बसून करत होता. लेकीने आर्ल हे गाव निवडलं. तिथल्या रोमन रंगमंडलात मध्ययुगात लोक घरं बांधून राहत होते आणि एकोणिसाव्या शतकात ती हटवली. ती घरं काढायला नको होती, असं तिचं ठाम मत. पॅरिस वगळा. दहा दिवसांत ते मधे घातलं की गावांचं वाटोळं होतं.

हो, गाडीचं राहिलं. आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या. 25 च्या आतला चालक असेल तर बहुतेक ठिकाणी जादा पैसे घेतात आणि 19 च्या मुलाला बऱ्याच कंपन्या गाडी देतच नाहीत, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. जुन्या पेठेत गाडी घालू नका, वेशीबाहेर लावा. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेत ऊन आणि गर्दी दोन्ही फार. आणि गावातली हॉटेलं दुपारी दोननंतर जेवण देत नाहीत, शाकाहारी असाल तर अजून पंचाईत. सकाळीच पाव, चीज आणि टोमॅटो घेऊन गाडीत ठेवा.